डब्यावरचा ब

आमच्या ह्यांना शब्दांची फार काटकसर. साखरेच्या बरणीवर 'सा' लिहितात आणि साबणाच्या चुऱ्याच्या बरणीवरही 'सा'च. एकदा पाहुण्यांच्या चहाला फेस आला, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. सुधारणा शून्य.

मी आतषबाजीवाली. पोटासाठी नव्हे, हौसेसाठी. आमचं हौशी मंडळ आहे, रीतसर परवाना आहे, वस्तीबाहेर मैदान आहे, आणि वर्षातून एकदा आम्ही आपापलं काम आकाशात उडवून दाखवतो. हा नाद मला थोरल्या भावानं लावला. दादा सुतार, त्यामुळे बाराच्या दारूत घालायच्या कोळशातला फरक त्यानंच शिकवला. क्रिकेटच्या बॅटी करतात त्या विलोचा कोळसा घायकुता, भडकला की संपला. कडक लाकडाचा आळशी. पाइनचा रेंगाळणारा, त्याच्या ठिणग्या सोनेरी शेपट्या ओढत सावकाश उतरतात. "कोळसा झाला म्हणून लाकडाचा स्वभाव जातो होय?" असं तो म्हणायचा. मला अर्थातच विलो आवडायचा. दादा मला ठिणगीच म्हणतो, यात काय ते आलं.

गेल्या वर्षी माझा बार फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझ्या शेजारी दादानं वाजवली ती जरा उशिरानं. मी विचारलं, "रंग कसा होता?" "छान होता की," तो म्हणाला. रंग कोणता, ते काही सांगेना. दुसऱ्याच दिवशी त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्याला किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखं एवढंसंच दिसत होतं, आणि पुढं तेवढंही राहील याची खात्री डॉक्टर देईनात.

झालं. मी हट्टालाच पेटले. दिसतंय तोवर दादाला माझा एक तरी बार दिसलाच पाहिजे. मोठा, झगझगीत, डोळ्यांत घुसेल असा! बॅटी दुरुस्त करणाऱ्याकडून विलोचे तुकडे आणले आणि कोळसा करायचं काम ह्यांच्यावर सोपवलं. फळीवर दोन डबे आले, दोन्हींवर नुसता 'ब', आता काना-मात्रेचीही काटकसर. ब म्हणजे बॅट, त्यात विचारायचं काय? एका डब्याची चाचणी घेतली, झकास निघाली. बार भरताना हाताला लागला तो दुसरा.

प्रदर्शनाच्या दिवशी अंधार पडताच माझा नंबर लागला. बार वर गेला, फुटला, आणि मी कपाळावर हात मारला. झगझगाट कुठला! मंद सोनेरी ठिणग्या, आणि त्या जागच्या हलायलाच तयार नाहीत.

"अहो! काय होतं त्या डब्यात?"

"कोळसा."

"कशाचा?"

"बाकाचा. लिहिलं होतं की 'ब'."

आमच्या लग्नात दादानं पाइनचा बाक करून दिला होता. यंदा त्या बाकाचा पाय मोडला. लाकूड टाकायचं जिवावर आलं म्हणून ह्यांनी मला न सांगता त्याचा कोळसा करून ठेवला होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराची मेहनत, कदाचित दादाची शेवटची संधी, आणि ह्यांना एक काना आणि एक 'क' लिहायचा कंटाळा! मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारी टाळी वाजली.

एकच टाळी. बाकीचे अजून वर पाहत होते.

"ठिणगे, ते बघ, डावीकडं!" दादाचं बोट वर होतं आणि एका ठिणगीबरोबर हळूहळू खाली येत होतं. "आली, आली... अजून आहे... अगं, अजून आहे!" बोट पार क्षितिजाला टेकलं तेव्हा त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "इतके दिवस मी शोधत मान वळवेपर्यंत सगळं विझायचं. हे थांबलं गं माझ्यासाठी. पाइन आहे ना?"

"तुझाच बाक आहे, दादा."

"बघ! आणि तुम्ही एवढी वर्षं त्याच्यावर बसून होतात."

मी हसले, रडले, दोन्ही एकदम. ज्याच्या हातानं तो बाक केला, त्यालाच त्यातली ठिणगी शेवटपर्यंत दिसली होती. आणि मी मात्र माझ्याच आवडीचा झगझगाट त्याच्या डोळ्यांवर मारायला निघाले होते. ह्यांच्याकडे वळले तर बिचारे मान खाली घालून बोलणी खायला तयार उभे.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी पूर्ण लिहितो."

"खबरदार!" मी म्हणाले, आणि मंडळींसमोर, लग्नानंतर पहिल्यांदाच, त्यांचा हात हातात घेतला. "एक अक्षर जास्त लिहिलंत तर बघा."

पलीकडे बाकीच्यांच्या टाळ्या मागाहून सुरू झाल्या, त्या अजून चालूच होत्या. या वर्षी दादाची पहिली होती.