नळातला करंट

१९८६ च्या उन्हाळ्यात मानवतच्या शांतम्माला अंगणातल्या नळाचा तीनदा झटका बसला. तिसऱ्या वेळी घागर हातातून सुटून पायावर पडली आणि अंगठ्याचं नख गेलं.

नवरा गेल्यापासून अडीअडचणीला ती शेजारच्या चन्नबसप्पालाच हाक मारायची. दोन्ही घरांत एकच भिंत. त्याला ती राखी बांधायची. त्यानं नळ बघितला आणि म्हणाला, "अक्का, तुमची वायरिंग जुनी झालीय. नळाला जाताना चप्पल घालत जा." संध्याकाळी त्यानंच बाजारातून रबरी चप्पल आणून दिली. शांतम्माला भरून आलं.

तरी भीती जाईना. शेवटी तिनं मुंजाजी वायरमनला बोलावलं. त्यानं मेन स्विच बंद केला, घरातला पंखा थांबला. मग नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"घरातली लाइट तर बंद हाय. मग ह्यो करंट कुठनं यायलाय?"

भिंतीपलीकडं चन्नबसप्पाची शेवयांची मशीन घरघरत होती, यंदाच घेतलेली. पीठ भरायला ती थांबली तसा टेस्टर विझला. पुन्हा सुरू झाली, पुन्हा पेटला. मुंजाजीनं मशीन थांबवायला लावली आणि भिंतीच्या बुडाशी माती उकरली. भिंतीखालून आलेली एक काळी तार शांतम्माच्या नळाच्या पाइपाला आवळून बांधली होती.

"मीटर फिरू नये म्हणून मशीनची परतीची तार मीटरला न नेता हितं बांधलीय," तो म्हणाला. "जमीन वाळली, करंट मुरंना. म्हणून नळाला यायलाय."

शांतम्मानं चन्नबसप्पाला बोलावलं.

"अण्णा, हे तुमाला ठाऊक होतं?"

त्यानं पायानं उकरलेली माती पुन्हा तारेवर लोटली.

"म्हणून चप्पल आणली?"

"उन्हाळ्यापुरतंच होतं, अक्का. बोभाटा करू नका. भावासारखा हाय मी."

"म्हणून तर इतके दिवस दुसऱ्या कुणाला विचारलं न्हाई मी."

मुंजाजीनं तार तोडली. दुसऱ्या दिवशी शांतम्मा लंगडत वीज कचेरीत गेली आणि अर्ज देऊन आली. चार दिवसांनी साहेब मशीनला सील ठोकून गेले.

त्या संध्याकाळी चन्नबसप्पाची बायको मल्लम्मा आली. शांतम्मानं तिला पाट दिला, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"अक्का, अर्ज मागं घ्या."

"तुझ्यावर माझा राग न्हाई ग," शांतम्मा म्हणाली. "पर अर्ज मागं घेणार न्हाई."

मल्लम्मा पाणी न पिताच उठली.