भरून काढायचा दिवस

“तीन तारखेचा दिवस धरू नका, सिस्टर,” वजनकाट्यावरून उतरता उतरता लिफ्टकाका म्हणाले. “त्या दिवशी मी सातला जेवलो होतो.”

सिस्टर वहीतच बघत राहिली. दवाखान्यातल्या उपवासाच्या अभ्यासाचा आज शेवटचा दिवस होता. तीन महिने काकांचा नेम ठरलेला: खायचं ते सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात, दुपारी पेलाभर पाण्यात बेरीची जांभळी पूड, उरलेले सोळा तास नुसतं पाणी. अभ्यासातल्या निम्म्या लोकांच्या पुडीत फक्त रंग होता. कोणाच्या, ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. सहाच्या ठोक्याला सिस्टरचा फोन यायचा. “काका, जेवलात का?” काका ओले हात टॉवेलला पुसून आधीच फोनपाशी बसलेले असत. बायको गेल्यापासून हे त्यांना दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

“रक्त छान आलंय,” सिस्टर म्हणाली. “साखर उतरली, सूज उतरली. शरीराचं वय पाच वर्षांनी कमी दिसतंय.”

“ती पाच वर्षं ठेवू कुठे? घरात आधीच जागाच जागा आहे.”

ती हसली. काका हसले नाहीत.

“चुकलेला दिवस शेवटी भरून काढायचा, असं तुम्हीच सांगितलं होतं.”

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना चाळीस वर्षं “आलोच, दोन मिनिटं” असं बेधडक सांगणाऱ्या काकांचे कान आता लाल झाले होते.

सिस्टरने वहीचं पान उलटलं. तीन तारीख, सहा वाजून एक मिनिट: ‘जेवण झालं. ताटही घासलं म्हणाले.’ समोरून काकांना ते उलटं अक्षरही वाचता आलं. ते खिडकीबाहेर बघू लागले.

“बरं,” तिने वही मिटली. “उद्या भरून काढू. पण एकच दिवस हं, काका.”

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला.

“काका, जेवलात का?”

“जेवलो. तुम्ही?”

पलीकडे वही मिटल्याचा आवाज आला.

“अजून नाही. जेवीन आता. ठेवते हं, काका.”

त्याच्या दुसऱ्या दिवशीही काकांनी पावणेसहाला ताट घासलं, हात नीट कोरडे केले आणि फोनपाशी जाऊन बसले. सहा वाजले. दोन मिनिटं थांबून ते उठले. ओट्यावर कालचा रिकामा पेला होता, तळाशी जांभळा डाग. तो मात्र त्यांनी घासला नाही.