चहा सोडल्याची कमाई

कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात अविनाश बिलं बनवायचा. किरकोळ खर्चच माणसाला म्हातारपणी उपाशी ठेवतात, असं कुणाचं तरी भाषण त्याने मोबाइलवर ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोदूबाईच्या टपरीवर जाणं सोडलं. रोजचे दोन कटिंग, वडापाव, शनिवारची भजी, सगळं बंद. वाचलेले पैसे पोस्टातल्या आरडीत जाऊ लागले.

"चल रे, आज माझ्याकडून," शेजारच्या टेबलावरचा प्रदीप सुरुवातीला म्हणायचा.

"आज तू पाजशील, मग उद्या मला पाजावा लागेल."

पुढे प्रदीपने विचारणं सोडलं. साडेचारला ऑफिस रिकामं व्हायचं आणि अविनाश एकटाच बाटलीतलं पाणी पीत बसायचा.

सहा वर्षांत लाखभर जमले. सातव्या वर्षी प्रदीपने नोकरी सोडली, मागोमाग आणखी दोघांनी. 'लोकांना धीरच नाही,' अविनाश बायकोला, माधुरीला म्हणाला. तिघांचं काम त्याच्यावर आलं, शेठनी पाठ थोपटली, तो खूश होता.

मार्चमधल्या एका सोमवारी तो पोचला तेव्हा पाटी उतरवली होती आणि कपाटं टेम्पोत चढत होती. शेठनी गोडाऊन विकलं होतं. एका महिन्याचा पगार हातात देऊन त्यांनी नमस्कार केला.

अविनाशने तिथूनच प्रदीपला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"सगळ्या बाजाराला माहीत होतं. शेठचा ड्रायव्हर दिवाळीपासून टपरीवर सांगत होता."

"मग मला का नाही बोललास?"

"ऑफिसात कोण बोलणार? शेठच्या कानावर गेलं असतं. आणि बाहेर तू भेटायचास कुठे?"

आरडी मोडली. रोडपालीच्या घराचं भाडं, मुलीच्या, मितालीच्या शाळेची फी, गॅस... पाच महिने तो मोबाइलवरून अर्ज पाठवत राहिला. शेवटी माधुरीनेच त्याच्या हातात पन्नासची नोट ठेवली. "टपरीवर जाऊन बस. दोन चहा पी, पण लोकांशी बोल."

गोदूबाईने त्याला ओळखलं. "लय दिसांनी आलात! काम मिलाला का नाय? एका गोडाऊनला बिलं करनारा मानूस पायजे हाय. त्यांचा मॅनेजर आता येल, बसा."

पहिला चहा संपायच्या आत मॅनेजर आला. सोमवारपासून अविनाश कामाला लागला.

गणपतीत मेहुणा सुभाष घरी आला, तेव्हा अविनाश त्याला समजावत होता, "मी वेळेवर चहा सोडला म्हणून पाच महिने हे घर चाललं. नाहीतर रस्त्यावर आलो असतो. तूही आजपासून सुरू कर."

सुभाष मान डोलावत होता. माधुरीने त्याच्यापुढे मोदकांची ताटली सरकवली आणि तूप आणायला आत गेली.