आधी चिठ्ठी, मग काम

वकीलबाईंची जुनी गाडी गॅरेजच्या दाराशी लागली तेव्हा बाबा आपल्या खुर्चीत बसले होते. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी पाना खाली ठेवला होता, जीभ मात्र अजून कामावर होती. गाड्यांच्या एसीचं सगळं काम आता मुलगी बघायची आणि बाबा मुलीकडे बघायचे.

"आमच्या यजमानांचं ऑपरेशन झालंय," वकीलबाई म्हणाल्या. "दर आठवड्याला भर दुपारी तपासायला न्यायचंय. एसी नुसता नावाला. मधली वीस वर्षं गाडी दुसऱ्या शहरात होती. तिथे गॅस भरून द्यायचे, महिनाभरात पुन्हा जैसे थे."

मुलीने बॉनेट उघडलं. आतल्या बाजूला निळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं: जुना बारा नंबरचा गॅस काढला. तेल, सांध्यांतल्या रबरी रिंगा, ओल शोषणारा ड्रायर बदलले. नवा एकशे चौतीस नंबरचा भरला. खाली सही, आणि तारखेवर काळ्या तेलाचा डाग. गॅस भरायच्या तोंडांवर नव्या गॅसच्या टोप्याही बसवलेल्या होत्या.

"मीच नव्या गॅसवर आणलेली गाडी आहे ती," बाबा बसल्या जागेवरून म्हणाले. "गळती शोध आणि भर."

तिने गॅस ओळखायचं मशीन काढलं. बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"माझ्या अक्षराची परीक्षा घेतेस होय?"

"तुमची नाही हो, गॅसची."

मशीनने दोन मिनिटं घुर्र घुर्र केलं आणि आकडे दाखवले. नवा गॅस एकसष्ट टक्के, जुना एकोणचाळीस. हे दोन गॅस एकत्र आले की दाब चढतो, गारवा पळतो आणि जुनं तेल नव्या गॅसबरोबर फिरत नाही, हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. मध्ये कुणीतरी घोटाळा केला असेल, असं तिने स्वतःला समजावलं. मिसळलेला गॅस तिने वेगळ्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, त्यावर खूण केली आणि पाइपचा पहिला सांधा खोलला.

आतली रिंग काळी होती. नव्या गॅसला लागते ती हिरवी. दुसरा सांधा खोलला, तिथेही काळी. ड्रायर तर कंपनीतून आला तोच होता. म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं काम झालंच नव्हतं.

बाबांची चिठ्ठी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझ्या हातून गाडी अर्धवट गेली नाही, हे वाक्य ते चाळीस वर्षं सांगत आले होते, आणि हात गेल्यावर त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. त्यांना न सांगता नवी चिठ्ठी जुनीवर चिकटवावी, असं तिच्या मनात आलं. पण आधी तारीख तरी बघावी म्हणून तिने फडक्याने डाग पुसला.

तारीख तिच्या जन्माची होती.

त्या दिवसाची गोष्ट घरात शंभरदा सांगून झाली होती. बाबा दवाखान्यात तेलकट हातांनी धावत आले, नर्सने त्यांना दोनदा साबण लावायला पाठवलं, तरी बाळाच्या दुपट्यावर काळा अंगठा उमटलाच. ते दुपटं आईने अजून जपून ठेवलं होतं.

"काय गं, थांबलीस का?" बाबा कधी उठून शेजारी आले ते तिला कळलंच नाही. तिने काळी रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली आणि चिठ्ठीकडे बोट केलं.

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. तारीख वाचली.

"मी चिठ्ठी आधी लिहायचो," ते हळूच म्हणाले. "मग तिच्यावर बघून एकेक काम करायचो, म्हणजे काही राहायला नको. टोप्या बसवल्या आणि शेजारच्या दुकानात दवाखान्यातून फोन आला. परत आलो तो तिसऱ्या दिवशी. चिठ्ठी बघितली, वाटलं झालंय. आतला जुना गॅस तेव्हा गार करत होता, मग शंका कशाला येईल? पुढे टोप्या बघून लोकांनी त्याच्यावरच नवा भरला."

बाबा थेट वकीलबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, चूक माझी आहे. गाडीची नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. वकीलबाईंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"आणि मी इतकी वर्षं या बिचारीलाच म्हातारी म्हणत होते," त्या म्हणाल्या. "आता नीट करा म्हणजे झालं."

मग दिवसभर काम चाललं. मुलीने जुनं तेल काढलं, पाइप धुतले, हिरव्या रिंगा आणि नवा ड्रायर बसवला, नवं तेल घातलं. तासभर पंप लावून आतली हवा आणि ओल ओढून घेतली आणि नवा गॅस, लागतो तसा, जुन्याच्या मापापेक्षा थोडा कमी भरला. बाबा खुर्ची गाडीशेजारी ओढून बसले होते. ती चिठ्ठी लिहायला लागली तशी त्यांनी तिचा हात धरला.

"आधी गार होऊ दे."

गार हवेच्या जाळीत लावलेला तापमापक सात अंशांवर आला, तेव्हाच तिने पेन उचललं. खाली सही पहिल्यांदाच तिची एकटीची होती. जुनी चिठ्ठी पात्याने खरवडायला लागली तर बाबा म्हणाले, "हळू काढ. फाडू नकोस."

तिने गरम हवेने ती अख्खी सोडवून दिली. घरी जाताना त्यांनी दोनदा खिसा चाचपून बघितला.

"आई विचारेल, उशीर का झाला," ती म्हणाली.

"सांगू," बाबा म्हणाले, "त्या दिवशीचं काम आज उरकलं."