खिळ्यावरचा कोट

मी कोट बोलतोय. निळा, तीन बटणांचा; त्यातलं मधलं बटण दुसऱ्याच कुठल्यातरी कोटाचं. ऐकायला वेळ असेल तर ऐका, नसेल तरी माझं काही बिघडत नाही.

मला कुणासाठी शिवलं ते आठवत नाही. एका हॉटेलातला पाहुणा मला कपाटात विसरून गेला. न्यायला कुणी आलं नाही, म्हणून तिथल्या इस्त्रीवाल्यानं मला आपल्या खोलीवर आणलं. परमुलखात पोट भरायला आलेले सहा जण त्या खोलीत राहायचे. एकावर एक पलंग, दाराशी सिमेंटनं माखलेले बूट आणि भिंतीला एक खिळा. तो माझा.

सुट्टीच्या दिवशी ते घरी व्हिडिओ कॉल लावायचे. तेव्हा माझी पाळी. एकाचं बोलणं आटोपलं की मी दुसऱ्याच्या अंगात. वर मी, खाली चट्ट्यापट्ट्यांची हाफपॅन्ट. फोन छातीच्या खाली न्यायचा नाही, एवढा एकच नियम. सुरुवातीला सगळे पोट धरून हसायचे. पुढे हसणं बंद झालं, नियम राहिला. माझे खिसे बंद ठेवायला शिंप्यानं घातलेले टाके अजून तसेच आहेत. ते उसवायची गरज कुणालाच पडली नाही.

त्यांच्यातला एक फरशी बसवायचा. घरी त्याला दादा म्हणत. एकदा त्याची आई म्हणाली, "धाकटा उद्या नोकरी सोडतोय. तुझ्याकडेच येतो म्हणतो."

दादाच्या पाठीला घाम फुटला. तो आधी मला कळला.

"आई, नको पाठवूस त्याला."

"का रे? तुझं झालं भलं, त्याचं नको व्हायला?"

दादानं मला काढून पलंगावर टाकलं. फाटक्या बनियनमध्ये बसून त्यानं सुजलेले गुडघे फोनसमोर धरले. मग फोन खोलीभर फिरवला. "हे बघ. असा राहतो मी. तो कोट आमच्या सगळ्यांचा आहे, आई."

पलीकडून धाकटा पुढे आला. "कुणाच्या खोलीत जाऊन बसलायस, दादा? भाऊ वर येऊ नये म्हणून एवढं नाटक?"

"नाटक आत्तापर्यंत केलं रे," दादा म्हणाला. तोवर फोन बंद झाला होता. त्यानंतर आईनं त्याचा फोन घेतलाच नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण सहा जणांचा घाम मुरला की कापडाला फारसं काही वाटेनासं होतं.

धाकटा आला. दारातच उभं राहून त्यानं पलंग बघितले, बूट बघितले, मला बघितलं. दादानं आपला पलंग त्याला दिला आणि स्वतः खाली पथारी पसरली.

आज सुट्टी. धाकट्यानं नखांतलं सिमेंट घासून काढलं, मला अंगात चढवलं आणि घरी फोन लावला. मी त्याला मापानं शिवल्यासारखा बसलो.

"दादानं दिला वाटतं कोट!" आई हरखली. मग हळूच म्हणाली, "खरं सांग, तेव्हा तो खोटंच बोलत होता ना?"

दादा समोरच भिंतीला टेकून बसला होता. धाकट्यानं त्याच्याकडे बघितलं नाही.

"हो आई. खोटंच बोलत होता."

"जाऊ दे. मी रागावले नाही म्हणावं त्याला."

फोन ठेवून धाकट्यानं निरोप जसाच्या तसा सांगितला. दादानं मान हलवली. आता इस्त्रीवाला हात पुढे करून उभा आहे. त्याची मुलं वाट बघताहेत. येतो मी.