कुणाचा गोटा

सावरगावात कुणाचा गोटा कुणाला लागला हे विचारायचं नसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभं राहतं. नदीत रोवलेल्या पळसावरच्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड चालतात, डोकी फुटतात, आणि संध्याकाळी दोन्हीकडची माणसं चंडीमातेच्या देवळात हात जोडतात. देवीची मर्जी म्हणायचं आणि जेवायला बसायचं. शिवानीच्या आईचं माहेर सावरगाव, सासर पांढुर्णा. म्हणजे दरवर्षी मामा एका काठावर आणि भाचा दुसऱ्या काठावर, हे ठरलेलंच.

गेल्या पोळ्याला भिवाजीमामांचा डावा डोळा गेला. कुणी काही विचारलं नाही.

आता एप्रिलातल्या दुपारी तीन वाजता शिवानी त्याच मामांच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली होती. पाच वाजेपर्यंत प्रबंध विद्यापीठाकडे पाठवायचा होता, मामांच्या सहीसकट. नाही गेला तर पदवी वर्षभर लांबणार होती. पंधरा दिवस तिनं या कामाची आज-उद्या केली, कारण जे वाचून दाखवायचं होतं ते वाचायला तिची जीभ रेटत नव्हती.

"मंग अमेरिकेले कवा जातं बाई तू?" देवकामामींनी पाण्याचा गडवा ठेवत विचारलं.

"जायचं नाही मामी, अभ्यास आहे फक्त."

"तीन वर्षं अभ्यास केला अन् जायचं नाही," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं. शिवानी पुण्याला अमेरिकन स्टडीज शिकत होती. इतिहास, कायदा, साहित्य, समाजशास्त्र, सगळं एकाच देशाभोवती गुंफलेलं. हे पांढुर्ण्यात समजावता समजावता तिच्या वडिलांच्या, मुकुंद सरांच्या, नाकी नऊ आले होते, आणि ते तर मास्तर होते.

तिचा प्रबंध मात्र पांढुर्ण्याला समजण्यासारखा होता. अमेरिकेच्या डोंगरी मुलखात एका नदीच्या दोन काठांवर दोन घराणी राहत. त्यांच्यात एकदा वैर पेटलं आणि वर्षानुवर्षं माणसं पडत राहिली. शिवानीनं तिथल्या कोर्टाचे कागद वाचले, जुनी वर्तमानपत्रं वाचली, त्या वैरावरची गाणी ऐकली, आणि प्रश्न मांडला: तिथं वैर झालं, मग जामच्या काठी का होत नाही? उत्तर तिच्या घरातच होतं. तिथं प्रत्येक गोळीला नाव होतं, इथं गोट्याला नाव नसतं. मार्गदर्शक मॅडम फार खूश झाल्या. पंधरा जणांच्या मुलाखती घे म्हणाल्या.

त्या पंधरांत तिचा सख्खा भाऊ पंकज होता, आणि तिथंच घोडं अडलं. पोळ्यानंतर आठच दिवसांत त्यानं सौसरला औषधाच्या दुकानात नोकरी धरली, तिथंच खोली केली, आणि दिवाळीलासुद्धा मामांच्या घरी फिरकला नाही. फेब्रुवारीत शिवानी सौसरला जाऊन त्याच्यासमोर रेकॉर्डर ठेवून बसली, तेव्हा त्यानं सगळं ओकून टाकलं. कागद पुण्याला जाणार, पुण्यात जाम नदी कुणाला माहीत, असा त्याचा हिशोब. सहीही केली गड्यानं. पण नियम असा होता की ज्याच्या जखमेबद्दल लिहिलंय, त्याला ते त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि मग त्याची सही घ्यायची. मामांची सही दिवाळीत घेतलेल्या त्यांच्या मुलाखतीवर होती, हे पान त्यानंतरचं. मॅडमनी स्पष्ट कळवलं होतं की सही नसेल तर पान काढ. आणि ते पान काढलं तर उरलेला प्रबंध म्हणजे शुद्ध थाप होती, हे शिवानीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

फोन वाजला. पंकज होता. ती उठून अंगणात गेली.

"वाचलं काय?"

"नाही अजून."

"वाचू नोको. दिवाळीचं जुनंच वाच. त्यायले इंग्रजी कुठं समजते? सही घे अन् नीघ."

"अन् उद्या कोणी सांगितलं त्यायले?"

"कोन सांगते? तूच एक हायेस सांगनारी." त्याचा आवाज चिरकला. "आईचं माहेर तुटन, शिवानी. तुया एका डिगरीपायी."

तिला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण तो म्हणाला तसं करणं अगदी सोपं होतं. दोन पानं खाली सरकवायची, बस. मामा मुकाट सही करतील, मामी जेवायला वाढतील, कुणाला पत्ता लागणार नाही. ती परत येऊन बसली तेव्हा साडेतीन झाले होते.

"वाच आता," मामा म्हणाले. उरलेला डोळा त्यांनी तिच्यावर रोखला होता. "काय लिवलं माह्याबद्दल, आयकू दे."

तिनं जुनं पान उघडलं. दोन ओळी वाचल्याही. मग तिला वाटलं, आपण या माणसाचा दुसराही डोळा फोडून राहिलोय. तिनं जुनं पान बंद केलं आणि नवं उघडलं.

"हे एका पोराचं बयान आहे, मामा. नाव लिहिलेलं नाही."

"बरं."

"तो म्हणतो, मी नदीत उतरलो तेव्हा समोर माझा मामा होता. त्यानं मला नाव घेऊन हाक मारली. म्हणाला, लहान हायेस, घरी जा. माझे दोस्त हसले. माझ्या हातात गोटा होता. मी मामाला ओळखलं होतं. ओळखूनच मारला."

आत मामींच्या हातातलं भांडं थांबलं. शिवानी पुढं वाचत गेली. तो पोरगा रात्री झोपत नाही, पूल ओलांडत नाही, चौकात सावरगावचं कुणी दिसलं तर दुकानात शिरतो. गोट्याला नाव नसतं असं गाव म्हणतं, म्हणून त्याला माफी मागायलाही जागा राहिली नाही. सगळं वाचून शिवानी मान खाली घालून बसली.

मामा उठले आणि अंगणात फेऱ्या मारून परत येऊन बसले. पावणेपाच होत आले होते.

"चुकलं हे," ते शेवटी म्हणाले.

"काय चुकलं, मामा?"

"म्या 'घरी जा' म्हटलंच नाही. म्या म्हटलं, हिंमत असन त मार. छाती पुढं करून म्हटलं. मंग पोरगा काय करन? तसं लिव. मंगच सही."

दारात मामी येऊन उभ्या राहिल्या होत्या. "खोटं काहून बोलता हो," त्या हळूच म्हणाल्या. "दवाखान्यात तुमीच त सांगितलं होतं मले. लहान हाये म्हनून हाक मारली, त पोट्टं चिडलं, असं."

"तू चूप बस," मामा म्हणाले.

म्हणजे यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. आठ महिने हा माणूस डोळ्यावर पट्टी बांधून गावभर सांगत फिरला की गोटा कुणाचा, देव जाणे. शिवानीला रडू कोसळलं. ते तिनं आवरलं नाही, पण बोटं चालू ठेवली. खोटं लिहिणं तिला शक्य नव्हतं. मात्र माणूस काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहायला तीन वर्षांत तिला शिकवलं होतं. तिनं पोराचं बयान तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं: जखमी माणूस म्हणतो, मीच त्याला मारायला सांगितलं. मग ते मराठीत वाचून दाखवलं. मामांनी दोनदा ऐकलं आणि सही केली, ठसठशीत, खाली रेघ ओढून. सहीच्या कागदाचा फोटो जोडून चार बावन्नला प्रबंध गेला.

तिनं पंकजला फोन लावला, स्पीकरवर ठेवला, आणि मामांनी लिहवून घेतलेली ओळ त्याला वाचून दाखवली.

"खोटं हाय ते," पंकज म्हणाला. "त्यायनं मले वाचवलं. आता त्यायच्या समोर येनं त अजूनच कठीन झालं, शिवानी."

मामा फोनकडे वाकले. "कठीनच हाय ते, पंक्या," ते म्हणाले. "सोपं असतं त मीच नसतो आलो काय सौसरले?"

पलीकडून फोन कुणी ठेवला नाही. पंकज रडत होता, आणि मामा एका डोळ्यानं फोनकडे बघत त्याचं रडणं संपायची वाट पाहत होते. सवयीनं शिवानीचा हात रेकॉर्डरकडे गेला. तिनं रेकॉर्डर सुरू न करताच पिशवीत टाकला आणि मामींबरोबर स्वयंपाकघरात जाऊन बसली.