चौथी पट्टी

“माझ्या जुड्यांना हात कुणी लावला?”

नालवेयिसो आत्या भिंतीवरचे खिळे चाचपत विचारत होत्या. आम्ही कॉलेजची चार मुलं एकमेकांकडे बघू लागलो. युगांडातल्या मसाका शहराजवळच्या त्या गावात ‘अपंगांची सेवा’ करायला आम्ही आठवड्याभरासाठी आलो होतो आणि आत्या केळीच्या बागेत गेल्या असताना त्यांची खोली आवरून टाकली होती. चटईसाठी रंगवलेल्या शिंदीच्या पात्यांच्या जुड्या मी स्वतः फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत ओळीने लावल्या होत्या. कौतुक होईल म्हणून दारात उभीही राहिले होते.

“छान दिसतंय आता, आत्या,” आमच्यातला सेकांडी म्हणाला.

“कुणाला?”

आत्या जन्मांध. कुठल्या खिळ्यावर कुठला रंग, एवढाच त्यांचा हिशोब, आणि तो आम्ही तासाभरात उधळून लावला होता. शनिवारी त्यांच्या भाचीचा, नाम्वांजेचा, क्वांजुला होता. मुलाकडचे वाजतगाजत मागणी घालायला येणार, आणि त्यांच्यासमोर नवरी आत्याने दिलेल्या चटईवर गुडघे टेकणार. त्या दिवशी सगळा मान आत्याचा. सातपैकी तीन पट्ट्या विणून झाल्या होत्या आणि आज बुधवार होता.

“आम्ही एकेक रंग हातात देतो ना,” मी म्हणाले.

“म्हणजे विणणार तू आणि हात तेवढे माझे! नको गं बाई. कुठली जुडी कुठली ते एकदा सांग, मी लावते माझी.”

मी भराभर सांगितलं. खोलीत उजेड कमी होता आणि मला या प्रकरणातून लवकर सुटायचं होतं.

शुक्रवारी सकाळी शिवलेली चटई अंगणात पसरली आणि मी घाबरून पट्ट्या पुन्हा मोजल्या. मधली, चौथी पट्टी जांभळी हवी होती. ती काळी होती. जांभळी म्हणून काळी जुडी मीच सांगितली होती.

“गप्प बस,” सेकांडी कानाशी कुजबुजला. “त्यांना दिसतंय थोडंच! आणि बाकीचं कुणी बोलणार नाही.”

खरंच कुणी बोललं नसतं. तेवढ्यात शेजारीण कुंपणापाशी थांबली, चटईकडे बघून तिने नाक मुरडलं आणि तोंडाने म्हणाली, “वा, नालवेयिसो! काय सुरेख!” मला तिचा इतका राग आला की भीती कुठल्या कुठे पळाली.

“आत्या, मधली पट्टी काळी आहे. मी चुकीचं सांगितलं.”

त्यांचे हात थांबले. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

“पोरी, तीस वर्षं चटया विणतेय मी,” त्या सावकाश म्हणाल्या. “तीस वर्षांत माझी चटई चुकलीय असं मला एकदाही कुणी सांगितलेलं नाही. एकदाही! मी काय देवाच्या घरून शिकून आलेय?”

मला लाज वाटली ती माझ्या एकटीची नव्हती, साऱ्या गावाची होती.

“रडतेस काय? उसव ती पट्टी.”

त्या दिवशी आमची सेवा अशी झाली की आम्ही उसवत होतो, आत्या जांभळी पट्टी विणत होत्या आणि अधूनमधून आमचा उद्धार करत होत्या. संध्याकाळी शिवायला मी बसले. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि दोनदा सगळं उसवायला लावलं. सेकांडीने स्वतःहून विचारलं, “मी काय करू, आत्या?” आल्यापासून हा प्रश्न आमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

“मटोकेची केळी सोल. माणसं जेवणार आहेत ना?”

शनिवारी मांडवात नाम्वांजे त्या चटईवर गुडघे टेकून बसली. पाहुणे वाकून वाकून बघत होते. “अप्रतिम!” “डोळसांना जमणार नाही असं काम!” आत्या सगळ्यांना मान हलवून हसत होत्या. मग त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मला जवळ ओढलं.

“यांचं जाऊ दे. तू सांग.”

मी नीट बघितलं. “रंग बरोबर आहेत. चौथ्या पट्टीची शिवण शेवटाला जरा ओढली गेलीय.”

“ती तुझी शिवण,” आत्या म्हणाल्या, आणि मनगट न सोडता खुशीत बसून राहिल्या.